जागतिक संकटांवरील लेखन-फेलोशिप : कोल्हापुरातून अर्ज करताना

अणुयुद्ध, हवामानबदल, जैविक धोके आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांवर सर्वसामान्य वाचकाला समजेल असे लिहिणारे तरुण अभ्यासक मिळावेत, म्हणून काही नियतकालिके आणि संस्था लेखन-फेलोशिप देतात. अमेरिकेच्या अणुबॉम्ब बनवण्याच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेल्या शास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये शिकागोत सुरू केलेल्या ‘बुलेटिन ऑफ द अ‍ॅटॉमिक सायंटिस्ट्स’ने नवोदित अभ्यासकांसाठी ‘व्हॉइसेस ऑफ टुमॉरो’ हे सदर चालवले आहे, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर पत्रकारिता करू पाहणाऱ्यांसाठी टार्बेल फेलोशिप आहे. शिवाजी विद्यापीठातला पीएच.डी.चा विद्यार्थी, सीपीआर या सरकारी रुग्णालयातला निवासी डॉक्टर किंवा पाटबंधाऱ्याचे काम जाणणारा तरुण अभियंता अशा अर्जांच्या वाटेला सहसा जात नाही, कारण ‘तज्ज्ञ’ हा शब्द त्याला आपल्यासाठी फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात एखाद्या अरुंद प्रश्नाची खोल माहिती असणे एवढाच त्याचा येथे अर्थ असतो.

अर्जाचा कणा म्हणजे लेखप्रस्ताव, आणि त्यात विषय नव्हे तर दावा मांडायचा असतो. माझा स्वतःचा पहिला प्रस्ताव अणुयुद्ध, हवामान आणि मानवजातीचे भवितव्य असे सगळे कवेत घेणारा, चांगला पाच पानांचा होता. त्यावर ‘आपले म्हणणे काय आहे?’ एवढ्या एका ओळीचे उत्तर आले. जगाचा विनाश किती जवळ आला आहे हे दाखवणाऱ्या, बुलेटिनच्याच प्रतीकात्मक ‘डूम्सडे क्लॉक’नेही प्रस्तावाची सुरुवात करू नये. ते घड्याळ १९४७ मध्ये मध्यरात्रीला, म्हणजे विनाशाला, ७ मिनिटे कमी असे दाखवत होते आणि २०२५ च्या जानेवारीत ८९ सेकंदांवर आले, हे संपादकांना ठाऊक असते. बुलेटिनमध्ये तर काटे त्यांच्याच घरी फिरतात.

शिरोळ तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीच्या प्रस्तावाचे पहिले शीर्षक ‘हवामानबदल आणि महापूर’ असे होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले, ही नोंद तिने दिली होती, पण त्यातून पुढे काय, हे दिले नव्हते. आम्ही दोन संध्याकाळी त्यावर बसलो. शेवटी जे वाक्य उरले ते असे होते : महाराष्ट्र आणि कर्नाटकातून वाहणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्यातील धरणांतून पाणी केव्हा सोडायचे, हे जुन्या पर्जन्यमानावर बेतलेल्या वेळापत्रकाने न ठरवता पावसाच्या ताज्या अंदाजावर ठरवले पाहिजे, आणि त्यासाठी दोन्ही राज्यांनी एकच आकडेवारी वापरली पाहिजे. या वाक्याला विरोध करता येतो, ते तपासता येते, आणि सीमा ओलांडणाऱ्या इतर नद्यांनाही ते लागू पडते. म्हणून तो प्रस्ताव ठरतो. कोल्हापुरात महापुरासाठी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवले की टाळ्या मिळतात, परंतु पुराची कारणे तपासण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या महापुरासाठी अलमट्टीला जबाबदार धरलेले नाही. ज्याला हे पटत नाही त्याने ते आकड्यांनिशी खोडावे, मात्र प्रस्तावातून वगळू नये, कारण परीक्षक सर्वांत आधी वगळलेलीच बाजू शोधतो.

विषय अणुयुद्धाचा असला तरी हाच मार्ग चालतो. भारत आणि पाकिस्तान यांच्यात हिरोशिमासारखे १०० बॉम्ब वापरले गेल्यास सुमारे ५० लाख टन काजळी वातावरणात चढेल, असे गृहीत धरून २००७ मध्ये हवामानावरील परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता; काजळीने सूर्यप्रकाश अडून थंडी वाढेल आणि पाऊस घटेल, असे त्यात दिसले. कृषिशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या थंडीत आणि घटलेल्या पावसात उसाचे काय होईल, असा प्रश्न घेतला तर तो त्याचा स्वतःचा प्रश्न होतो. जैविक धोक्यांवर लिहिणाऱ्याने गैरवापर होऊ शकेल असा प्रयोगशाळेतला तपशील लेखननमुन्यातही देऊ नये.

लेखननमुने मराठीत असतील तर प्रत्येकाचा शंभर-दीडशे शब्दांचा इंग्रजी गोषवारा जोडावा, आणि शिफारसपत्र मोठ्या पदाच्या माणसाकडून घेण्याऐवजी ज्याने आपले लिखाण लाल शाईने तपासले आहे अशा सरांकडून किंवा मॅडमकडून घ्यावे.

मानधनाची बाजू मात्र सावकाश पाहावी. अमेरिकन संस्था पैसे देण्यापूर्वी सहसा डब्ल्यू-८ बेन हा परदेशी व्यक्तींसाठीचा अमेरिकी कराचा अर्ज भरून मागते आणि आपली बँक रक्कम कशापोटी आली ते विचारते. सरकारी नोकर, तसेच नोंदणीकृत वृत्तपत्राचे बातमीदार, स्तंभलेखक आणि संपादक यांना परदेशी देणगी स्वीकारण्यास एफसीआरए या परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या भारतीय कायद्याने मनाई आहे, परंतु हा कायदा देणगी आणि केलेल्या कामाचा मोबदला यांत फरक करतो. त्यामुळे या वर्गात मोडणाऱ्याने करारपत्रात रक्कम कोणत्या कामापोटी आहे हे स्पष्ट लिहून घ्यावे, ते सीएला दाखवावे, आणि सरकारी नोकराने आपल्या कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

मुदत न्यूयॉर्कच्या रात्री ११.५९ ची असेल तर उन्हाळी वेळेत ती आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९.२९ ला आणि हिवाळ्यात १०.२९ ला संपते. ही सवलत समजून सकाळ उजाडायची वाट पाहू नये. जुलै-ऑगस्टच्या पावसात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून अर्ज आदल्या संध्याकाळीच पाठवून पोचपावतीची प्रत ठेवावी.