गावाला एसटी हवीय? आधी फाट्यावर उभं राहून माणसं मोजा

आमच्याकडून दरवर्षी एकच अर्ज जायचा, 'गावाला एसटी सुरू करावी ही विनंती', खाली सरपंचाची सही नि शिक्का, आणि आगारात तो फायलीला लागला की संपला विषय. खरं तर 'गाडी द्या' म्हणण्यात काही अर्थ नसतो, कारण आगारातल्या साहेबांचा पहिला प्रश्न असतो की भारमान किती मिळेल, म्हणजे सीटा किती भरतील, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नसतं.

म्हणून आधी एक वही घ्या आणि आठवडाभर सकाळी ६ ते ११ फाट्यावर बसा (चहाची टपरी असेल तर बरंच). कोण जातं, कुठे जातं, किती वाजता आणि कशाने, वडापने (म्हणजे सीटवर माणसं भरणारी खासगी जीप), दुधाच्या गाडीने की कुणाच्या मागे डबलसीट, सगळं लिहा. बाजाराचा दिवस वेगळा लिहा. आणि जे फाट्यावर येतच नाहीत त्यांना घरी जाऊन विचारा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण दहावीनंतर घरी बसलेली पोरगी किंवा डायलिसिसला जाणारे आजोबा फाट्यावर दिसणारच नाहीत ना.

'पासवाले आणि फुकटवालेच जास्त, उत्पन्न कुठेय' असं कुणीतरी म्हणतंच. त्याला उत्तर तयार ठेवा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांच्या पुढच्यांना फुकट आहे, पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे, पण या सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं, त्यामुळे ही माणसं पण मोजायचीच.

आता मागायचं काय? नवीन गाडी मागू नका, गाड्या आणि ड्रायव्हर दोन्ही कमी असतात. शेजारच्या गावापर्यंत येणारी फेरी ४ किमी पुढे वाढवा म्हणा, किंवा वेळ बदलून मागा. आमच्या इथे शाळा साडेदहाची आणि गाडी पोचायची पावणेअकराला, म्हणजे गाडी होती पण पोरींना उपयोग शून्य! तालुका सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत असेल तर मुलींसाठीच्या निळ्या गाड्यांची चौकशी आगारात वेगळी करा.

साहेब रस्ता बघायला माणूस पाठवतील. त्याआधी फांद्या तोडून घ्या, लोंबणाऱ्या तारांचं वीजवाल्यांना सांगा, गाडी वळायला जागा दाखवा. ग्रामसडक योजनेचा रस्ता बहुतेक पावणेचार मीटरचाच असतो, समोरून ट्रॅक्टर आला की साइडपट्टी लागते, तिथे मुरूम टाकून घ्या नाहीतर पहिल्याच पावसात गाडी बंद.

मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावातच थांबणारी, मिळाली तर सोनं, कारण सकाळची पहिली फेरी मग गावातूनच सुटते. पण ड्रायव्हर-कंडक्टर झोपणार कुठे ते कुणी बघत नाही. देवळाच्या ओट्यावर डास मारत रात्र काढायला लावली तर तेच आगारात जाऊन सांगतात की तिथे नको साहेब, आणि त्यांचं चूक काय त्यात? ग्रामपंचायतीने एक खोली, पंखा, पाणी आणि चालू संडास द्यायचा, आणि हे ठरावातच लिहायचं.

ठराव ग्रामसभेत घ्या, महिला ग्रामसभेत पण घ्या, वहीतले आकडे, शाळेचं पत्र आणि हव्या त्या वेळा जोडून आगार व्यवस्थापकांना द्या, एक प्रत विभाग नियंत्रकांना, आणि पोच घ्याच. महिनाभर हालचाल नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, अर्जावर काय कार्यवाही झाली एवढंच विचारा, भांडायचं नाही.

गाडी सुरू झाली की वडापवाले पाच मिनिटं आधी येऊन माणसं उचलणार हे धरून चाला. पहिले दोन-तीन महिने एसटीतच बसा, आणि वही चालूच ठेवा, कारण फेरी बंद करायचा विषय निघाला की आगाराच्या आकड्यासमोर ठेवायला तीच लागते.