जुन्या मातीच्या धरणाची पाहणी: कुठे बघायचे, काय मोजायचे

गावाला किंवा शहराला पाणी देणारे मातीचे धरण वर्षातून दोनदा पाहावे लागते, आणि दोन्ही वेळी वेगळ्या गोष्टी दिसतात. मे महिन्यात पाणी खाली गेलेले असते, तेव्हा जलाशयाकडचे पिचिंग (उतारावर बसवलेले दगड), विमोचकाच्या (धरणातून पाणी सोडण्याच्या व्यवस्थेच्या) विहिरीचे तोंड आणि दरवाजे उघडे पडतात. ऑक्टोबरात धरण भरलेले असते, तेव्हा पाझर दिसतो. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधीची आणि नंतरची पाहणी सक्तीची केली आहे, पण ती १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या, ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना. त्याहून बुटक्या पाझर तलावांची आणि नगरपालिकांच्या जुन्या तलावांची काळजी मालकानेच घ्यायची.

वयाला घाबरायचे कारण नाही. मुंबईचा विहार तलाव १८६० चा आहे, सोलापूरला पाणी देणारा हिप्परग्याचा तलाव १८७१ चा. मातीचा बांध उभा राहतो. झिजतात ते त्याच्या पोटातले नळ, दरवाजे, निचऱ्याचे गाळणे (पाणी जाऊ देऊन माती अडवणारे वाळू-खडीचे थर) आणि सांडव्याचे काम.

सोबत न्यायच्या वस्तू साध्या आहेत: ५० मीटरचा टेप, टोकदार सळई, १५ लिटरची बादली, घड्याळ, पारदर्शक काचेच्या चार-पाच बाटल्या, थोडा चुना आणि मागच्या दोन-तीन वर्षांची नोंदवही. नोंदवही नसेल तर आजची पाहणी ही पहिली नोंद धरा. प्रत्येक निरीक्षणापुढे साखळी क्रमांक (बांधाच्या एका टोकापासूनचे मीटरमधले अंतर), त्या दिवशीची जलाशय पातळी आणि फोटो हवा. ‘डाव्या बाजूला किरकोळ ओल’ असा शेरा पुढच्या माणसाच्या कामाचा नाही. ‘सा.क्र. २४०, पायथ्यापासून ३ मीटर वर, २ × ४ मीटर ओल, पातळी पूर्ण संचयाखाली ०.६ मीटर’ असे लिहा.

माथा आणि भेगा

माथ्याच्या एका टोकाला उभे राहून कठड्याची किंवा दगडांची ओळ नजरेने पाहा. ती सरळ असायला हवी. कुठे पोट आले असेल किंवा खळगा दिसत असेल तर ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून दर ३० मीटरवर माथ्याची पातळी घ्या. संदर्भाचा दगड बांधाबाहेरच्या पक्क्या खडकावर हवा, बांधावरचा दगड बांधाबरोबरच खचतो. महापुरात पाणी सर्वांत आधी खळग्यातूनच ओसंडते आणि मातीचे धरण माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. माथ्याचा उतार जलाशयाकडे हवा. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पाणी साचत असेल तर मुरूम टाकून दाबून घ्या.

काळ्या मातीत मे महिन्यात पडणाऱ्या जाळीदार, वीतभर खोल भेगा वाळल्याच्या असतात. आडवी भेग, म्हणजे माथा ओलांडून जलाशयाकडून पायथ्याकडे जाणारी, ही सर्वांत वाईट. पातळी वर आली की पाण्याला तीच आयती वाट. बांधाच्या लांबीने जाणारी भेग धनुष्यासारखी वळलेली असेल आणि तिची एक कड खाली बसली असेल तर उतार घसरू लागला आहे असे धरा. भेगेत चुन्याचे पाणी ओता, मग शेजारून खणत चला. पांढरी रेघ जिथे संपते तिथे भेग संपते. त्याखाली आणखी ३० सेंटीमीटर खणा आणि तशाच मातीचे १५ सेंटीमीटरचे थर योग्य ओलीवर कुटत चर भरा. वरून सिमेंटचा घोल ओतून भेग बुजवली तर ती नजरेआड होते, आत तशीच राहते. घसरणीची भेग मात्र उघडू नका. तिच्या दोन्ही कडांवर खुंट्या ठोकून रोज अंतर मोजा, ताडपत्रीने पाऊस आत जाऊ देऊ नका आणि वरच्या कार्यालयाला कळवा.

झाडे आणि बिळे

बांधावर गवत हवे, झाड नको. बाभूळ किंवा कडुनिंब मेला की मुळे कुजतात आणि मातीत नळ्या उरतात. मनगटाहून जाड झालेले झाड नुसते तोडून खोड ठेवू नका. पाणी कमी असताना मुळासकट काढा आणि खड्डा थराथराने कुटून भरा. घाणेरीची झुडपे दरवर्षी साफ करायची, कारण त्यांच्याआड ओल आणि घुशींची बिळे दोन्ही लपतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा खापर खेकड्यांवर फोडले गेले. खेकडा ओल्या मातीत घर करतो. अधो (जलाशयाच्या उलट बाजूच्या) उतारावर खेकड्यांची बिळे दिसली तर तिथे ओल कुठून आली ते आधी शोधा.

पाझर: मोजा आणि बाटलीत भरा

प्रत्येक मातीचे धरण थोडे पाझरते. तो पाझर गाळण्यातून दगडी पायथ्यात (अधो उताराच्या तळाशी रचलेल्या दगडांत) यावा आणि पायथ्याच्या गटारातून स्वच्छ वाहत जावा, एवढीच अपेक्षा असते. दगडी पायथ्याच्या वर, उतारावरच ओल फुटली असेल तर गाळणे चोंदले आहे किंवा बांधातली पाण्याची रेषा वर चढली आहे. पायथ्यालगत उन्हाळ्यातही हिरवा राहिलेला लव्हाळा आणि पाणकणीस यांची ठिकाणे टिपून ठेवा. सळई खुपसून पाहा. सहज आत गेली तर ती माती भिजून मऊ झालेली आहे.

मोजायला ९० अंशांची व्ही-नॉच, म्हणजे गटारात आडवा बसवलेला, इंग्रजी V आकाराची खाच असलेला पत्रा, सर्वांत सोयीची. पत्र्यामागे सुमारे ६० सेंटीमीटरवर, खाचेच्या टोकाच्या पातळीपासून पाण्याची उंची घ्या. खाचेच्या तोंडावर पाणी वाकलेले असते, तिथला आकडा कमी येतो. ५ सेंटीमीटर उंचीला सेकंदाला सुमारे ०.७७ लिटर, १० ला ४.४ आणि १५ ला १२ लिटर. उंची दुप्पट झाली की पाझर साडेपाच पटींहून जास्त होतो, म्हणून एक-दोन सेंटीमीटरची वाढ किरकोळ समजू नका. व्ही-नॉच नसेल तर बादली लावा: १५ लिटर २० सेकंदांत भरले तर मिनिटाला ४५ लिटर. पाऊस पडत असताना मोजू नका, उतारावरचे पाणी मिसळते.

आकडा नेहमी त्याच जलाशय पातळीच्या जुन्या आकड्याशी ताडायचा. पातळी तीच आणि पाझर वाढला, तर आत वाट मोठी होत आहे. पातळी तीच असून पाझर एकदम घटला तर खूश होऊ नका. निचरा बुजला असेल आणि पाणी दुसरी वाट शोधत असेल.

पाझराचे पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा. तळाशी माती बसली तर पाणी बांधाचे कण घेऊन येत आहे. कण वाहून गेल्याने होणारी पोकळी पायथ्याकडून जलाशयाच्या दिशेने मागे सरकत जाते, आणि तिचे तोंड पाण्याला भिडले की उरतात ते तास. तांबूस बुळबुळीत साका मात्र बहुधा लोहजिवाणूंचा असतो. बोटांत चोळून पाहा, माती खरखरते आणि साका निसटतो.

विमोचक: कोणी न पाहिलेला भाग

पाणीपुरवठ्याच्या धरणांचे खरे दुखणे इथे आहे. शहराला रोज पाणी लागते, म्हणून दरवाजा वर्षानुवर्षे बंद होत नाही, आणि बंद न झालेला दरवाजा गरजेच्या दिवशी गंजून अडकतो. १२ जुलै १९६१ ला फुटलेले पानशेत जुने नव्हते, पण बांध खचला तो विमोचकाच्या नळावर, आणि त्या नळाच्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती. बांधाखालून जाणाऱ्या नळाभोवती माती नीट कुटली जात नाही, त्यामुळे पाण्याला नळाच्या बाहेरून सरकायला जागा मिळते.

शहराला आधी कळवून वर्षातून एक दिवस पुरवठा बंद ठेवा. जलाशयाकडचा दरवाजा पूर्ण खाली टाका आणि नळाच्या तोंडाशी तासभर थांबा. पाणी येत राहिले तर ते दरवाजाच्या रबरी पट्टीतून येते की नळाच्या सांध्यांतून, हे ठरवायचे आहे. सांध्यापाशी मातीचे ओघळ दिसले तर प्रकरण गंभीर आहे. झडप फक्त अधो बाजूला असेल तर बांधाखालचा बिडाचा नळ कायम दाबाखाली असतो आणि फुटला की बांध आतून भिजतो. अशा ठिकाणी जलाशयाच्या बाजूला दरवाजा बसवणे हे पहिले काम समजा. नळात माणूस पाठवण्याआधी दरवाजाला कुलूप लावा, हवेतला प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी नाही हे मोजा, कमरेला दोर बांधा आणि बाहेर दोघे ठेवा. नळ अरुंद असेल तर कॅमेरा सोडा.

सांडवा

मासेमारीची जाळी, जलपर्णी, पुच्छ कालव्यातले (सांडव्याचे पाणी खाली वाहून नेणाऱ्या चरातले) अतिक्रमण, हे सारे जूनपूर्वी निघाले पाहिजे. सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचून ‘थोडे जास्त पाणी’ साठवण्याची हौस अनेक गावांत दिसते. ३० सेंटीमीटर गोण्या म्हणजे महापुरासाठी राखलेल्या मोकळ्या उंचीतून तेवढी वजाबाकी. दरवाजांचे धरण असेल तर साखळ्या, तारा, ग्रीस आणि डिझेल जनरेटर भार देऊन तपासा. १० ऑगस्ट २०२४ ला तुंगभद्रेच्या १९ व्या दरवाजाची साखळीच तुटली होती.

पाणी गढूळ आले तर

पायथ्याशी वाळू उकळल्यासारखी वर येत असेल तर भोक माती, काँक्रीट किंवा प्लॅस्टिकने बुजवू नका. दाब शेजारून फुटतो. भोकाभोवती गोण्यांचे गोल कडे रचा आणि आत पाणी चढू द्या. गढूळपणा थांबेल तेवढीच उंची ठेवा, वरून स्वच्छ पाणी वाहू दे. पसरट जागेवर उलटे गाळणे टाका: आधी जाडी वाळू, मग बारीक खडी, मग ४० मिलिमीटरची खडी, शेवटी वजनाला दगड.

त्याच वेळी पाणी सोडायला सुरुवात करा. एरवी पातळी दिवसाला फूटभराच्या आत उतरवतात, कारण भिजलेला जलाशयाकडचा उतार पाण्याचा आधार एकदम गेल्यावर घसरतो. पाझर गढूळ होऊन वाढत असेल तर ही मर्यादा बाजूला ठेवावी लागते, पण तो निर्णय अभियंत्याचा. चौकीदाराने फोन करायचे ते नंबर (शाखा अभियंता, तहसील, पोलीस ठाणे, खालच्या गावांचे सरपंच) दरवाजाच्या खोलीत रंगाने भिंतीवर लिहून ठेवा. कागद पावसात टिकत नाही.