उन्हाळ्यात उठताना अंधारी येते? आधी एवढं करा

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दुपारी आमचे आबा खाटेवरून झटक्यात उठले आणि दोन पावलांत दाराची चौकट धरून खालीच बसले, चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. पडले नाहीत हे नशीब.

होतं काय, की आपण उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे नि पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमनीत दाब ओळखणारे सेन्सर असतात, ते लगेच मेंदूला कळवतात, आणि स्वायत्त मज्जासंस्था आपल्याला न विचारता ठोके वाढवते, रक्तवाहिन्या आवळते, काही सेकंदांत बीपी सावरतं. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्रीला तीच यंत्रणा अंग थंड ठेवायला कातडीच्या रक्तवाहिन्या सैल सोडून बसलेली असते, वर घामानं पाणी गेलेलं, मग एकदम उठलं की तिची ओढाताण होते.

म्हणून उठायच्या आधी पडल्या पडल्या पायांचे पंजे १५-२० वेळा वर-खाली करा, पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं. मग कुशीवर वळून बसा, पाय खाली सोडून मिनिटभर थांबा आणि काहीतरी धरून उभे रहा. केळीच्या बागेत उकिडवं बसून काम करणाऱ्यांनीही असंच हळू उठा. अंधारी आलीच तर रेटून चालू नका, तिथंच खाली बसा नाहीतर आडवे होऊन पाय उंच ठेवा.

फार घाम गेला असेल तर ओआरएस घ्या, पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हार्ट, किडनी किंवा शुगरवाल्यांनी मात्र डॉक्टरला विचारूनच.

घरी बीपीचं मशीन असेल तर ५ मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० नी किंवा खालचा १० नी उतरला तर डॉक्टरला दाखवा. आबांचं तसंच निघालं, प्रोस्टेटच्या गोळीमुळं, डॉक्टरांनी ती बदलून दिली. बीपीच्या गोळ्यांनी, जुन्या शुगरनंही असं होतं, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

आणि उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बडबडतोय, अंग भट्टीसारखं तापलंय, तर घाम असो नसो, ती साधी चक्कर नाही. १०८ ला फोन लावा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.