पुस्तक किती वेळात संपेल?

सोलापूरहून पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसने जाताना साधारण चार तास हातात असतात. तेवढ्यात दोनशे पानांचं पुस्तक संपेल का? आदल्या रात्रीच हिशेब करून बघा.

मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावा आणि नेहमीसारखं वाचा. घाई करू नका, नाहीतर आकडा खोटा येतो. पहिली दोन पानं गजर लावण्याआधीच वाचून घ्या, तिथे मन अजून बसलेलं नसतं. समजा, सहा पानं झाली. म्हणजे दोनशे पानांना सुमारे साडेपाच तास. दीड तासाचं वाचन परतीच्या गाडीसाठी उरलं!

मिनिटाला किती शब्द, हेही काढता येतं: एका ओळीतले शब्द गुणिले पानावरच्या ओळी गुणिले वाचलेली पानं, भागिले दहा मिनिटं. पण इंग्रजीच्या आकड्यांशी तुलना नको. ‘घरासमोरच्या’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात.

कथा आणि वैचारिक लेखन यांचा वेग वेगळा मोजा. आणि एप्रिलमधल्या सोलापुरी दुपारी मोजणार असाल, तर राहू द्या. तेव्हा पान नाही, पापणी मिटते.