शिट्टी वाजेपर्यंत आत थांबू नका

गोव्याच्या अग्निशमन दलात नव्याने भरती झालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. होज, पंप, शिडी, गाठी हे सगळं प्रशिक्षणात घोटून घेतात, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते रसायनाच्या कॉलबद्दल, आणि त्यातही हवेच्या एका हिशेबाबद्दल. तो वेळेवर कळला असता तर माझी छाती आज बरी असती.

आधी कडवट गोष्ट. आगीच्या कॉलला धावत सुटणाऱ्याचं कौतुक होतं. रसायनाच्या कॉलला धावत सुटणारा पुढच्या रुग्णवाहिकेत असतो. गाडी लांब थांबवा, चढावर थांबवा, वारा पाठीवर घेऊन थांबवा. काय सांडलंय ते कळेपर्यंत चारी बाजूंनी निदान इतकं अंतर मोकळं करा: वायू असेल तर 100 मीटर, द्रव असेल तर 50, घन पदार्थ असेल तर 25. हे फक्त सुरुवातीचे आकडे आहेत. टँकरच फुटला असेल तर ते कितीतरी वाढतात.

आपल्याकडे वाऱ्याचं वेगळं भान ठेवावं लागतं. दुपारी वारा समुद्रावरून येतो, रात्री आणि पहाटे बऱ्याचदा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणजे दुपारी सुरक्षित वाटलेली जागा काम लांबलं तर रात्री ढगाच्या वाटेत येऊ शकते. जानेवारी 2018 मध्ये वास्कोजवळच्या चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला तो पहाटेच्या अंधारात, आणि आसपासच्या लोकांना झोपेतून उठून घरं सोडावी लागली. अशा वेळी ढग कुठे सरकतोय हे डोळ्यांना धड दिसतही नाही. आमचे एक ज्येष्ठ ड्रायव्हर-ऑपरेटर गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न विचारायचे, ‘वारें खंयच्यान येता?’ (वारा कुठून येतोय?) उत्तर मिळाल्याशिवाय ते पंपाला हात लावत नसत. असा माणूस तुमच्या स्टेशनवर असेल तर त्याला सोडू नका, चहाच्या वेळीसुद्धा त्याच्याजवळ बसा. आणि ‘मी वासावरून सांगतो कुठला गॅस आहे’ म्हणणाऱ्याला गुरू करू नका, मग त्याची नोकरी कितीही वर्षांची असो. हायड्रोजन सल्फाइड हवेत साधारण 100 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) पोचला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणून धोका गेला असं समजणारा तिथेच कोसळतो.

टँकरवरचा फलक वाचायची सवय मात्र आजपासून लावा. त्यावर प्रत्येक रसायनाचा ठरलेला यूएन क्रमांक असतो. अमोनिया 1005, क्लोरीन 1017, पेट्रोल 1203, सल्फ्युरिक अ‍ॅसिड 1830. हे चार तरी झोपेत आले पाहिजेत. त्याच्या वर हॅझकेम कोड असतो, म्हणजे आपण काय करायचं ते सांगणारी खूण. पेट्रोलचा 3YE घ्या. 3 म्हणजे फोम. Y म्हणजे माल वाहू न देता अडवा, जोरदार भडका उडू शकतो, श्वसनसंच (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) घाला. E म्हणजे लोकांना हलवायचा विचार करा. सुट्टीच्या दिवशी वेर्ण्याजवळ महामार्गाच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहून जाणाऱ्या टँकरचे फलक वाचा. तासाभरात जे शिकाल ते ऑनलाइन प्रमाणपत्रातून मिळणार नाही. त्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवणाऱ्या मुलांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. शिकायचंच असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमासाठी नाव लागेल असं बघा. मोबाइलमधलं अ‍ॅप जरूर ठेवा, पण दोन हातमोजे चढवल्यावर त्या पडद्यावर बोट चालत नाही.

माल अडवायचा की पाण्याने पातळ करायचा, हा प्रश्न गोव्यात हलका घेऊ नका. आपल्या गटारांचं पाणी नदीत आणि खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) उतरतं, जांभ्यातून झिरपून विहिरीत जातं. होज सुरू करण्याआधी मातीचा बांध घालायला दोन माणसं लावा.

आता तो हिशेब.

एका बर्फाच्या कारखान्यात व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) अमोनिया गळत होता. गॅसटाइट सूट (वायू आत न शिरणारा, पूर्ण बंद पोशाख) घालून आम्ही दोघे आत गेलो, व्हॉल्व्ह बंद केला, सिलिंडरची हवा संपत आल्याचं सांगणारी कमी दाबाची शिट्टी वाजली आणि निघालो. शिट्टी वाजली की बाहेर, असंच आम्हाला शिकवलं होतं. बाहेर आलो तर अंग धुण्याची जागा अजून मांडली जात होती. आधी जोडीदाराला घेतलं. मी रांगेत उभा असताना माझी हवा संपली. सुटाची झिप उघडून मास्क काढावा लागला, आणि सुटावरचा अमोनिया थेट डोळ्यांत आणि घशात शिरला. अशा कारखान्यात अमोनियाबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही येतं. ते सुटाला चिकटतं आणि गॅस धरून ठेवतं, हे मला नंतर समजलं. धाप अजून लागते. पावसाळ्यात जास्त.

चूक कुठे होती? त्या नियमात. शिट्टीचा नियम आगीच्या कामासाठी आहे, जिथे दाराबाहेर पडलं की मास्क काढता येतो. रसायनाच्या कामात दाराबाहेर पडल्यावरही तुम्ही आतच असता, कारण माल तुमच्या अंगावर असतो.

आकडे मांडून बघा. सिलिंडर 6 लिटरचा, दाब 300 बार, म्हणजे 1800 लिटर हवा. 50 बार राखीव ठेवा, उरले 1500 लिटर. वर्गात मिनिटाला 40 लिटर धरायला शिकवतात, त्याने 37 मिनिटं मिळतात. पण मे महिन्यात, बंद सुटात, घामाने निथळत काम करणारा माणूस 60 लिटर सहज ओढतो. मग राहिली 25 मिनिटं. आत चालत जायला 4, परत यायला 4, दोघांचं धुणं उरकायला 8. प्रत्यक्ष कामाला 9 मिनिटं.

उलट बाजूनेही तेच. शिट्टी साधारण 55 बारला वाजते. तेव्हा 330 लिटर हवा असते, म्हणजे साडेपाच मिनिटं. तुम्हाला हवीत 12. म्हणून परत फिरायचा आकडा आधीच ठरवा: 12 मिनिटांचे 720 लिटर म्हणजे 120 बार, वर राखीव 50. गेजचा काटा 170 ला आला की व्हॉल्व्ह अर्धा फिरवलेला असला तरी मागे फिरा. तुमची वाट लांब असेल तर आकडा आणखी वर जाईल. गॅसटाइट सुटाची बाही ढगळ असते, हात आत ओढून गेज बघता येतो. हे रोज करून बघा, म्हणजे तिथे हात अडकणार नाही. जोडीत ज्याची हवा कमी, त्याच्या गेजवर दोघांनी फिरायचं.

आणि धुण्याची जागा तयार नसेल तर आत जाऊ नका. पाणी सुरू आहे का, ब्रश आणि साबणाचं पाणी आहे का, सूट उतरवणारा माणूस स्वतः मास्क घालून उभा आहे का, हे तुम्ही डोळ्यांनी पाहा. बाहेर राखीव जोडी सूट चढवून तयार आहे का, तेही. साहेब घाई करत असतील तरी विचारा. नवीन माणसाने विचारलेलं कोणाला आवडत नाही, मला माहीत आहे. तरीही विचारा. धुताना वरून खाली, काखा आणि तळवे विसरू नका, सूट आतली बाजू बाहेर करत उतरवायचा, आणि मास्क सगळ्यात शेवटी.

9 मिनिटं ऐकून घाबरू नका. बहुतेक व्हॉल्व्ह तेवढ्यात बंद होतात. नाही झाला तर दुसरी जोडी जाईल. काम अर्धं सोडून मागे फिरलेल्या माणसाला आमच्या स्टेशनवर आता कोणी कमी लेखत नाही.

आगीचा कोट घालून अमोनियात शिरायचा शॉर्टकट अजूनही काही जण सुचवतात. ऐकू नका. अमोनिया घामात विरघळतो, काखेत आणि जांघेत कातडी सोलते. पाण्याचा फवारा मारायचा तो ढगावर, साचलेल्या द्रवावर नाही. उणे 33 अंशांना उकळणाऱ्या द्रवावर पाणी पडलं की त्याला उष्णता मिळते आणि ढग झपाट्याने वाढतो.

क्लोरीन किंवा नायट्रिक अ‍ॅसिडचा धूर छातीत गेला असेल तर त्या क्षणी बरं वाटतंय यावर विसंबू नका. फुप्फुसात पाणी काही तासांनी भरतं. घरी न जाता बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाऊन दाखवा, डॉक्टरांना रसायनाचं नाव आणि फलकावरचा क्रमांक सांगा. ड्यूटी संपण्याआधी स्टेशनच्या नोंदवहीत रसायन, वेळ आणि त्रास लिहून त्यावर सही घ्या. काही वर्षांनी धाप लागायला लागली की डॉक्टर पहिली तीच नोंद मागतात.