एडिंबरा पाहायला येताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना एडिंबरा दाखवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. चुका ठरलेल्याच असतात. सगळ्यात महागात पडणारी म्हणजे फोनच्या नकाशावर भरवसा ठेवून हॉटेल घेणं.

नकाशा सपाट असतो, हे गाव नाही. जुनं शहर डोंगराच्या एका सोंडेवर वसलंय आणि दोन्ही अंगांना खोलगट भाग आहे. त्यावरून पूल टाकले आणि पुलांना चिकटून इमारती उभ्या राहिल्या, त्यामुळे आपण पुलावर आहोत हेच कळत नाही. साउथ ब्रिजच्या 19 कमानींपैकी आज उघडी दिसते ती एकच, काउगेट या खालच्या रस्त्यावरची. नकाशात काउगेट आणि जॉर्ज फोर्थ ब्रिज एकमेकांना छेदताना दिसतात. प्रत्यक्षात एक रस्ता दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने काउगेटवरचं हॉटेल घेतलं, कारण नकाशात ते राष्ट्रीय संग्रहालयाला लागूनच दिसत होतं. बसमधून पुलावर उतरले. फोन सांगतोय, पोहोचलात. समोर फक्त कठडा, आणि हॉटेल चार मजले खाली! आजींचे गुडघे दुखरे, सोबत मोठ्या बॅगा, वर पाऊस. मी जाऊन त्यांना कँडलमेकर रोच्या उताराने सावकाश खाली नेलं. आजी दुसऱ्या दिवशी खोलीतून बाहेर पडू शकल्या नाहीत. म्हणून बुकिंगआधी हॉटेलला एकच प्रश्न विचारा: बसथांब्यापासून किती पायऱ्या? आणि फिरताना मी सगळ्यांना आधी किल्ल्यावर नेतो. तिथून रॉयल माईल या जुन्या शहराच्या मुख्य रस्त्याने हॉलिरूड राजवाड्यापर्यंत उतारच उतार आहे.

दुसरी चूक घाईची. लंडनहून एका दिवसात उरकायचं म्हणून लोक किल्ल्यासमोर फोटो काढून परत फिरतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. किल्ल्याखालचा कातळ आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीतून आलेला आहे, आणि गड चढणाऱ्या माणसाला इथे पाहण्यासारखं खूप आहे. बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेटचं छोटं चॅपल ही शहरातली सर्वांत जुनी इमारत. त्याच्या शेजारी 1457 मध्ये स्कॉटलंडच्या राजाला भेट आलेली मॉन्स मेग ही अजस्र तोफ. दुपारी एक वाजता वेगळी तोफ उडते. जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून 1861 मध्ये ही प्रथा सुरू झाली. रविवारी मात्र ती उडत नाही, तेव्हा वार पाहून या. तिकीट आधी ऑनलाइन काढा, दारात जास्त पैसे पडतात आणि उन्हाळ्यात मिळेलच असं नाही. किल्ल्याला निदान तीन तास द्या. तेवढे नसतील तर एडिंबरा पुढच्या खेपेला ठेवा.

स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक ज्यावर व्हायचा तो दगड (स्टोन ऑफ डेस्टिनी) किल्ल्यात शोधू नका. तो 2024 पासून पर्थच्या संग्रहालयात आहे, जुनी माहिती वाचून आलेले अजूनही विचारतात.

हॉलिरूड राजवाडा राजा मुक्कामाला असला की बंद असतो, बहुधा जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला. तारखा त्यांच्या संकेतस्थळावर पाहा.

ग्रेफ्रायर्स बॉबी या इमानी कुत्र्याच्या पुतळ्याचं नाक चोळू नका. ही जुनी परंपरा नाही, अलीकडचं खूळ आहे. 1873 च्या आसपास बसवलेल्या पुतळ्याचं नाक त्यामुळे झिजतंय. हात लावणारी मुलं दिसली की मी थांबवतोच, पालकांना राग आला तरी.

छत्री घरी ठेवा, वारा ती उलटी करतो. टोपीचं जॅकेट घ्या.

आर्थर्स सीट ही टेकडी 251 मीटरच आहे म्हणून चपला घालून चढू नका. ओल्या गवतावर पाय सटकतो.

ऑगस्टमध्ये फ्रिंज हा नाटक-कलांचा मोठा महोत्सव असतो, खोल्यांचे भाव भडकतात. इमारती निवांत पाहायच्या असतील तर मे किंवा सप्टेंबर गाठा.

ब्रिटानिया हे राजघराण्याचं जुनं जहाज पाहायला टॅक्सी करायची गरज नाही. जून 2023 पासून ट्राम लीथ या बंदरभागाच्या पुढे न्यूहेवनपर्यंत जाते, ओशन टर्मिनलला उतरा.