प्रोजेक्टचा विषय कसा पकडायचा
'मुंबईचा इतिहास' असला अख्खा डोंगर उचलू नका, दमछाक होते नुसती. त्यापेक्षा मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप घ्या ना, 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, नेते डॉ. दत्ता सामंत, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर. आता यातलाही एकच प्रश्न धरायचा, बिझनेसवाल्यांनी गिरण्यांच्या जमिनी बघा, समाजशास्त्रवाल्यांनी चाळी आणि बायकांच्या खानावळी (माझं मत विचाराल तर हाच भारी), साहित्यवाल्यांना कामगारांची शाहिरी आहेच. मग लालबाग-परळ या गिरणगावात, गिरणीत काम केलेल्या एखाद्या आजोबांकडे बसा, विचारून रेकॉर्डिंग करा, अन् 'पगार किती' असं डायरेक्ट नको, पगाराच्या दिवशी घरी काय यायचं ते विचारा, मग बघा कसे खुलतात. तारखा मात्र जुन्या पेपरांशी ताडून घ्या.